बेलपारचं पाणी

आमच्या घरात एक माणूस पाण्यावर बोलतो आणि एक माणूस पाणी भरतो. बोलणारे आमचे हे, केशवराव, बोरटेक नगर परिषदेतल्या बहुमतवाल्या गटाचे गटनेते. भरणारी मी. माझं नाव यमुना, गावाची यमुताई, आणि या नावाची बाई टँकरमागे बादल्या घेऊन धावते यावर ज्याला हसायचं तो केव्हाच हसून मोकळा झालेला आहे.

बोरटेक म्हणजे नागपूरहून उमरेड रोडनं निघालात की डाव्या हाताला कमान दिसते ते. अर्धं गाव सकाळी नागपूरला कामाला जातं, संध्याकाळी परततं आणि चपला काढायच्या आधी विचारतं, नळ आला होता काय? बहुतेक वेळा आलेला नसतो. उन्हाळ्यात तर आठवडा आठवडा नळातून नुसता वारा येतो.

यंदा केंद्र सरकारकडून पाण्याच्या योजनेसाठी निधी मंजूर झाला. आनंदाची गोष्ट. पण आमच्याकडे आनंद सरळ घरात येत नाही, आधी सभेत अडकतो. आमच्या नगराध्यक्ष सिंधूताई थेट जनतेतून निवडून आलेल्या, आणि सभागृहात बहुमत मात्र आमच्या ह्यांच्या गटाचं. निवडणुकीपासून हेच चाललेलं, ताईंनी पूर्व म्हणायचं आणि ह्यांनी पश्चिम. ताई म्हणत होत्या की बंद पडलेल्या कोळशाच्या खदानीत पाणी साचलंय, ते जवळ आहे, नागपूरच्या प्रयोगशाळेनं तपासून चांगलं म्हटलंय, आणि पंप, शुद्धीकरण, पाइप सगळं या निधीत बसतं. ह्यांचं म्हणणं, पाणी आणायचं तर धरणातूनच. धरण लांब, निधी पुरणार नाही, पाइप अर्ध्या वाटेवर संपेल, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण पुढचं पुढे पाहू, असं आमच्या ह्यांचं. मे महिना संपायच्या आत ठराव गेला नाही तर सगळा निधी परत जाणार होता, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ह्यांच्या विरोधात नुसतं राजकारण होतं असं मी म्हणणार नाही. राजकारण होतंच, नवरा माझा आहे, मला माहीत आहे. पण त्याच्या तळाशी एक खरं दुखणं होतं. जिथे ती खदान आहे तिथे पूर्वी बेलपार होतं, माझ्या सासरचं गाव. जमिनीखाली कोळसा लागला, गाव उठवलं आणि लोकांना बोरटेकच्या कडेला पुनर्वसन वस्तीत आणून बसवलं. माझं लग्न वस्तीतलं, मी बेलपार पाहिलेलं नाही. माझ्या सासूबाई, रुखमाबाई, गाव उठायच्या आधीच गेल्या होत्या. हे तेव्हा लहान होते. बेलपारच्याच नाल्याकाठी त्यांना अग्नी दिला होता, आणि पुढे तो नालाही खदानीत गेला.

माझे सासरे नानाजी बेलपारचं नाव काढत नाहीत. गाव खणायला मशिनी आल्या त्या दिवशी ते तिथे उभे होते. संध्याकाळी घरी आले, ते पुन्हा त्या दिशेला गेले नाहीत. बसनं उमरेडला जायचं तरी खदानीकडची खिडकी सोडून पलीकडे बसायचे. खदान चालू होती तोवर गेले नाहीत, बंद पडून तिच्यात पाणी भरलं तेव्हाही गेले नाहीत.

तर सभेत ह्यांनी भाषण ठोकलं. मी ते मोबाइलवर पाहिलं, सगळ्या गावानं पाहिलं. हे उभे राहिले, चष्मा काढला (डोळ्यांत पाणी आणायचं असलं की हे आधी चष्मा काढतात) आणि म्हणाले, "माह्या मायचं गाव त्या पान्याखाली हाय. माहा बाप अजूनबी तिकडं पाहत नाही. ते पानी आमच्या वस्तीत येनार नाही म्हंजे नाही!" ह्यांच्या गटानं बाकं बडवली.

सिंधूताई अध्यक्षांच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "केशवभाऊ, बेलपार माहंबी गाव हाय."

ते खरंच होतं. सिंधूताई बेलपारच्या खालच्या टोकाच्या, बौद्ध वस्तीतल्या. त्यांच्या वडिलांनी छप्पनच्या साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. वस्तीत आज त्यांचं घर शेवटच्या गल्लीत आहे आणि आमचं पहिल्या. गाव उठलं तरी गावाची मांडणी तीच उचलून आणून ठेवली होती, आणि याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. "मंग तर तुमाले जास्त वाटाले पायजे होतं," असं आमचे हे म्हणाले आणि खाली बसले. मतदान पुढच्या सभेवर गेलं.

नानाजींनी ते भाषण माझ्या मोबाइलवर ऐकलं. "पुन्हा लाव वं," म्हणाले. मी पुन्हा लावलं. मग ते अंगणात खाटेवर जाऊन बसले. ती अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची दुपार होती. आमच्याकडे अखाजीला पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, तिची पूजा करतात, मगच त्या उन्हाळ्यात नव्या घागरीतलं गार पाणी प्यायचं. घागर मी आणून ठेवलेली होती. नानाजींची नजर तिच्यावर होती.

हे घरी आले तसे नानाजी म्हणाले, "केशवा, उद्या सकाळी मले बेलपारले ने."

हे चपापले. "काहून गा बाबा? अखाजीच्या दिवशी?"

"मी तिकडं पाहत नाही म्हनून सभेत सांगून राहिला ना? मंग पाहू दे एक खेप."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. रात्री ह्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला तेव्हाच मी ओळखलं. म्हातारा बाप खदानीच्या काठावर रडतोय असा व्हिडिओ, मतदानाच्या तोंडावर. मी म्हटलं, "लाज असू द्या." हे म्हणाले, "आठवन म्हनून."

सकाळी निघालो तेव्हा नानाजी मागच्या सीटवर बसले आणि रिकामी घागर त्यांनी मांडीवर घेतली. कशाला म्हणून विचारायची आमची हिंमत झाली नाही. उमरेड रोड सोडला की डंपरचा जुना रस्ता लागतो, खडी उखडलेला. तो एका मोठ्या टेकाडावर चढतो. खदानीतून काढलेल्या मातीचं ते टेकाड, आम्ही लांबून कित्येकदा पाहिलेलं. गाडी वर जाऊन थांबली. मी दार उघडून चार पावलं पुढे गेले आणि तिथेच थबकले.

पुढे जमीनच नव्हती.

मला आधी काही समजेना. मी आयुष्यात नागपूरचा अंबाझरी तलाव पाहिलाय, पेंचचं धरण पाहिलंय, पण ते पाणी जमिनीच्या बरोबरीनं असतं, आपण त्याच्याकडे सरळ पाहतो. हे खाली होतं. खूप खाली. कडेनं जमीन पायऱ्या पायऱ्यांनी कापत नेलेली, एकेक पायरी दुमजली घराएवढी, वर पिवळी, मग पांढरी, मग काळ्या कोळशाचा रुंद पट्टा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी निळं पाणी. एवढं पसरलेलं की पलीकडचा रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता. वारा नव्हता, आवाज नव्हता. पाकोळ्यांचे थवे त्या भिंतींतून निघायचे, पाण्यावर एक गिरकी घ्यायचे आणि परत भिंतीत शिरायचे. आपण किती लहान आहोत हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. माणसांनी हे खणलं? आणि मग माणसं निघून गेल्यावर हे पाणी आलं कुठून, न बोलावता, एवढं? मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. आणि त्याच क्षणी मला रागही आला, खरं सांगते. हे इथे असं निळंशार पडलंय आणि मी टँकरवाल्याच्या शिव्या खाते!

हे माझ्या शेजारी उभे होते. मोबाइल हातात होता, पण हात खाली लोंबत होता.

नानाजी मात्र पाण्याकडे पाहत नव्हते. ते गाडीतून उतरून तिथेच पाठमोरे उभे होते आणि टेकाडाकडे पाहत होते. मी वळले. चढताना माझं लक्ष उखडलेल्या रस्त्याकडे होतं, झाडं दिसली होती पण कसली ते पाहिलं नव्हतं. सगळं टेकाड सीताफळीच्या झाडांनी भरलं होतं. कुणी लावलेली बाग नव्हती ती, वाटेल तिथे वाटेल तशी वाढलेली, पोपटी पालवी फुटलेली, आणि फांद्यांवर मागच्या वर्षीची काळी सुकलेली फळं अजून लटकत होती. बेलपारची सीताफळं एके काळी नागपूरच्या कॉटन मार्केटात नावानं विकली जायची, एवढं मी ऐकून होते.

नानाजी खाली वाकले, मूठभर माती उचलली, चुरडली. "गाव पान्याखाली नाही गा केशवा," ते म्हणाले. "गाव आपल्या पायाखाली हाय."

"बाबा, काय बोलता?"

"मी पाहत होतो ना त्या दिवशी. खनाच्या आंधी त्याईनं वरची काळी माती खरडली. आपलं आंगन, आपला ढोराइचा वाडगा, नाल्याचा काठ, जिथं तुह्या मायले अग्नी देल्ला तो बी. डंपर भरभरून इथं आनून वतली. मले वाटलं, मेलं सगळं. म्हनून मी वळून पाह्यलं नाही." त्यांनी मूठ उघडून झाडांकडे हात केला. ते रडत नव्हते. ते चकित झाले होते. ऐंशी उलटलेला माणूस लहान मुलासारखा डोळे विस्फारून बघत होता. "कोनी पानी देल्लं नाही, कोनी राखलं नाही. आन पाह्य, कसं उभं झालं!"

मी पायांतल्या चपला काढल्या. का काढल्या हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

तेवढ्यात उतारावरून एक जीप वर आली. सिंधूताई. नागपूरच्या इंजिनिअरला पंपाची जागा दाखवून त्या परत निघाल्या होत्या, साहेब पुढे गेले होते. आम्हाला पाहून त्यांनी जीप थांबवायला लावली. आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की लपायला सीताफळीचं झाड पुरलं असतं तर गेले असते.

ताई उतरल्या. नानाजींना नमस्कार केला. "नानाजी, तुमी? पाह्यलं पानी?"

नानाजी आता पहिल्यांदा काठाशी आले आणि खाली पाहिलं. मग म्हणाले, "एवढं कुठून आलं वं?"

"आपल्याच विहिरीइचं हाय," सिंधूताई म्हणाल्या. "झरे कुठं जातीन? खनलं म्हनून ते काही मेले नाही. दोन विहिरी होत्या ना गावात, एक तुमची, एक आमची. खालून सगळं एकच पानी."

नानाजींनी मान हलवली. मग ताईंच्या आवाजात काहीतरी बदललं. "आमची विहीर होळीनंतर आटे. मंग माही माय तुमच्या विहिरीवर येऊन दूर घागर ठेवे आन वाट पाहे, कोनी वतून देते काय म्हनून. मी संग राहो. मले तहान लागे आन माय म्हने, थांब."

"रुखमा वते," नानाजी म्हणाले.

"हो. त्या वतत. वरून वतत. अर्धं भुईवर जाये."

माझी मान आपोआप खाली गेली. सासूबाईंचं एवढं कौतुक मी या घरात ऐकलं होतं, त्यांच्या हातचं, त्यांच्या स्वभावाचं, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. हे मोबाइलशी चाळा करत होते, नुसता चाळा.

नानाजी गाडीकडे गेले. मागच्या सीटवरून घागर काढली, दोन्ही हातांनी धरून आणली आणि सिंधूताईंच्या समोर केली. "माह्यानं खाली उतरवत नाही. आज अखाजी हाय. एवढी भरून आन बाई."

ताईंनी हात पुढे केला नाही. "नानाजी, ही पितराइची घागर. आमच्यात हे नाही, तुमाले माहीत हाय. आन माह्या हातची चालन काय तुमच्या पितराइले?"

"नाही चालली त सांगतीन कोनाले? मले त काही सांगत नाही ते."

सिंधूताईंना हसू आलं. पण त्यांनी सोडलं नाही. नगराध्यक्ष उगाच नाही झाल्या. "मंग कशी भरू?" त्यांनी विचारलं. "वरून वतू?"

नानाजींनी घागर तशीच पुढे धरली. "नाही वं बाई," ते म्हणाले. "बुडवून भर. पुरी बुडव."

ताईंनी घागर घेतली. मी त्यांच्याबरोबर खाली गेले. डंपरचा उतार सरळ पाण्यात जातो, तिथवर पोचेतो अंगाला गारवा लागायला लागला. वर भर उन्हाळा होता आणि खाली, त्या भिंतींच्या सावलीत, पहाटेसारखं गार होतं. पाणी असं नितळ की उतार आत आत जाताना दिसत होता, आणि मग निळा होऊन दिसेनासा होत होता. त्या दिसेनासं होण्याकडे मी पाहत राहिले आणि एक पाऊल मागे सरले. सिंधूताई गुडघाभर पाण्यात शिरल्या. आधी ओंजळीनं स्वतः प्यायल्या, सावकाश, पोटभर. मग त्यांनी घागर आडवी केली, दाबली, आणि ती गळ्यापर्यंत, काठापर्यंत, त्यांच्या दोन्ही मनगटांसकट पाण्याखाली गेली. आतली हवा बुडबुडत वर आली. त्या मोठ्या शांततेत तेवढाच आवाज होता. मी मान वर करून पाहिलं तर काठावर नानाजी आणि हे, दोघं इवलेसे, आभाळाला टेकून उभे होते.

भरलेली घागर ताईंनी कमरेवर घेतली. मी "द्या" म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या, सवय हाय." चढ चढून आल्या आणि नानाजींच्या हातात दिली. थोडं पाणी नानाजींच्या सदऱ्यावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही.

घरी आल्यावर मी पाटावर गव्हाची रास घालून घागर ठेवली, तिच्या गळ्याला सूत गुंडाळलं, वर आंबा ठेवला. दर वर्षी नानाजी सगळ्या पितरांची नावं घ्यायचे आणि शेवटी रुखमाबाईचं, अगदी हळू. दर वर्षी मी घागर नळाच्या नाहीतर टँकरच्या पाण्यानं भरायची. त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. त्या दिवशी त्यांनी पहिलं नाव रुखमाबाईचं घेतलं, मोठ्यानं. "रुखमे, घे वं. घरचं पानी हाय. सिंधूनं भरलं, बुडवून." मला रडू आवरेना. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिच्यासाठी मी धाय मोकलून रडले.

मग नानाजींनी पेला भरला. आमचे हे घाईनं पुढे झाले, "बाबा, थांब, उकळून..." नानाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य उकळायच्या आतच विझलं.

सभेच्या दिवशी मी पहिल्यांदा प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. ह्यांनी घरी तोंडातून शब्द काढला नव्हता. आपल्या गटाला विरोधात मत द्यायचं बजावून ठेवलेलं ह्यांनीच, आणि ते मागे घेतल्याचंही मी ऐकलं नव्हतं. सिंधूताईंनी ठराव वाचला. विरोध कुणाचा, म्हणून विचारलं. हे उभे राहिले. आता हे चष्मा काढतात की काय, म्हणून मी बघत होते.

ह्यांनी चष्मा काढला नाही.

"ठरावाले माही उपसूचना हाय," हे म्हणाले. सरळ हो म्हणतील तर ते आमचे हे कसले! "पुनर्वसन वस्तीत आतापर्यंत पाइप पह्यल्या गल्लीतून सुरू होते. शेवटच्या गल्लीत पानी पोचेतोवर धार राहत नाही. नवी लाइन शेवटच्या गल्लीतून सुरू करा. तिकडून इकडं. एवढं टाका, मंग खदानीच्या पान्याले माहा आन माह्या गटाचा पाठिंबा हाय."

ह्यांच्या गटातली माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. एकानं "केशवभाऊ, पन..." म्हणून सुरुवात केली. हे त्याच्याकडे न बघता हात वर करून उभे राहिले. मग एकेक हात वर गेला. काही कुरकुरत गेले, पण गेले. सिंधूताई ह्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. "उपसूचना मान्य," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

संध्याकाळी नानाजी अंगणात खाटेवर बसले होते. हे कपडे बदलायला आत गेले होते, म्हणून सभेत काय झालं ते मीच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता आपल्याकडं पानी सगळ्यात शेवटी येईन?"

"हो नानाजी," मी म्हटलं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

"येऊ दे," नानाजी म्हणाले. "आतापर्यंत आपनच पह्यले पेलो."

मग त्यांनी पेला पुढे केला आणि म्हणाले, "घागरीत उरलं असन त दे वं थोडं."